शिबिरातील गुलाबाचा पाठ मुलींना पुन्हा शिकवावा का?

रविवारशाळा शिक्षिका, बेळगाव

सर्वांना जय ख्रिस्त.

येत्या मे महिन्यात आमच्या मंडळीचे युवक शिबिर खानापूर तालुक्यात भरणार आहे आणि १३ ते १८ वयाच्या मुलींसाठी 'पावित्र्य' या विषयावरचे दोन पाठ घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. रूपरेषा समितीने तयारच दिली आहे. ती मुळात इंग्रजीत होती, तिची कानडी आणि मराठी भाषांतरे करून झेरॉक्स प्रती वाटल्या गेल्या आहेत. दुसऱ्या पानावर एक प्रात्यक्षिक आहे. टवटवीत गुलाब मुलींच्या रांगांमधून हातोहात फिरवायचा, प्रत्येकीने तो हुंगायचा, पाकळ्यांना हात लावायचा, आणि शेवटी तो कोमेजलेला गुलाब सर्वांसमोर उंच धरून शिक्षिकेने विचारायचे, 'आता हा कोणाला हवा आहे?'

हा गुलाब माझ्या स्वतःच्या हातातून गेलेला आहे. २००१ सालच्या शिबिरात मी सोळा वर्षांची होते आणि सतरंजीवर तिसऱ्या रांगेत बसले होते. आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या आणि देठ कोणाच्या तरी घामाने ओला झाला होता. माझ्या शेजारच्या मैत्रिणीने तो घेतला, पण हुंगला नाही. सतरंजीवर गळलेल्या दोन पाकळ्या तिने उचलल्या, ओढणीच्या टोकात बांधल्या आणि फूल पुढे दिले. 'कोणाला हवा?' असे विचारल्यावर आम्ही सगळ्या 'कोणालाच नाही' असे एका सुरात म्हणालो. त्यात माझाही आवाज होता. त्या मैत्रिणीवर तिच्या घरातल्याच एका मोठ्या माणसाने दोन वर्षे अत्याचार केला होता, हे मला पुढे सात वर्षांनी तिच्याच तोंडून समजले. त्या रात्रीच्या प्रार्थनेत तिने मोठ्याने रडून पापाची कबुली दिली होती आणि आम्ही ती पवित्र आत्म्याने आणलेली जागृती समजून देवाचे आभार मानले होते. ती कबुली तिच्या पापाची नव्हतीच. दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्याची क्षमा ती पोर मागत होती आणि मंडळीतल्या एकालाही ते कळले नाही.

त्याच शिबिरात आम्ही छापील कार्डांवर सह्या केल्या. लग्नापर्यंत शुद्ध राहीन, असे वचन त्यावर देवाला, आईवडिलांना, होणाऱ्या जोडीदाराला आणि होणाऱ्या मुलांनाही दिलेले होते. ते कार्ड अजून माझ्या बायबलात आहे. ही पद्धत कोठली हे मला फार उशिरा कळले. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांनी १९९३ साली 'ट्रू लव्ह वेट्स' या नावाने ती चळवळ सुरू केली आणि १९९४ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर तरुणांनी सह्या केलेली दोन लाखांहून अधिक कार्डे मांडली गेली. आमचे कार्ड त्याच धर्तीचे होते. मुलांनीही त्यावर सह्या केल्या, हे मला नमूद केले पाहिजे. मात्र गुलाब मुलांच्या गटात फिरला नाही. आम्ही मुली त्या फुलाकडे पाहत बसलो होतो त्याच तासाला शेजारच्या खोलीत मुलांना 'नेतृत्व' शिकवले जात होते.

माझे मत स्पष्टपणे मांडते, म्हणजे गैरसमज होणार नाही. लग्नापूर्वी संयम पाळावा ही देवाची आज्ञा आहे असे मी मानते, मी स्वतः ती पाळली आणि मुलींनाही तेच सांगणार आहे. माझा आक्षेप गुलाबाला आहे, कारण गुलाबाचा हिशेब हा विटाळाचा हिशेब आहे. माझे पणजोबा चिकोडी तालुक्यातल्या एका गावचे. त्यांच्या हाताने पाणी बाटते म्हणून विहिरीत पोहरा सोडण्याची त्यांना मनाई होती आणि कोणी वरून ओतले तरच ओंजळीत पाणी मिळत असे. बेळगावात १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे लोक आले आणि त्यानंतरच्या काळात या भागातील आमच्यासारखी कितीतरी घरे ख्रिस्ताकडे वळली. ती वळली याचे एक मोठे कारण असे, की हा प्रभू कुष्ठरोग्याला हात लावतो, आणि बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई गर्दीत मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते तेव्हा तिचा विटाळ त्याला होत नाही, उलट त्याच्यातले सामर्थ्य तिच्याकडे जाते. शिवल्याने माणूस बाटतो, हे ज्या घराण्यांनी आपल्या अंगावर सोसले आणि मग प्रभूच्या नावाने झुगारून दिले, त्यांच्याच लेकींना आपण शिबिरात सांगतो, की हात लागला म्हणून तू बाटलीस आणि आता तुला कोणी घेणार नाही. हे मला कोणत्याही प्रकारे सुवार्तेशी जुळवता येत नाही.

समितीतील दोन काकू प्रेमाने मला म्हणाल्या, की मुलींना धाक हवाच, शील हे काचेचे भांडे आहे, एकदा तडा गेला की गेला. त्यांची काळजी खरी आहे. त्या ज्या काळात वाढल्या त्या काळात मुलीचे एक पाऊल वाकडे पडले तर सगळे घर वाळीत पडत असे. त्यांना दुखवायचे नाही, पण गुलाब हातात घेण्यास माझे मन धजत नाही. तो वगळला तर त्याच्या जागी काय ठेवावे आणि समितीला कसे समजवावे, याबद्दल ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त परिचारिका, निपाणी

मुली, तू माझ्या लेकीच्या वयाची असशील म्हणून अहो-जाहो करत नाही.

मी चौतीस वर्षे परिचारिका होते आणि त्यातली बरीच वर्षे प्रसूती विभागात गेली. लग्न ठरल्यावर मुलीला घेऊन येणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. दार लोटून घेऊन त्या हळू आवाजात म्हणत, 'सिस्टर, एकदा तपासून द्या, म्हणजे आमच्या मनाला बरे.' त्यांत सर्व धर्मांच्या होत्या आणि आपल्याही होत्या. मी त्यांना दर वेळी तेच सांगत असे, की असे तपासून काहीही कळत नाही. योनीमुखाशी असणारा तो पडदा जन्मतःच प्रत्येकीचा वेगळा असतो, काहींचा नसल्यासारखा असतो, आणि पहिल्या रात्री रक्त येणे किंवा न येणे याने कोणाचेही चारित्र्य सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०१८ मध्ये कौमार्य चाचणीला कोणताही वैद्यकीय आधार नाही असे जाहीर करून ती बंद करावी असे आवाहन केले. बलात्कारपीडितेची दोन बोटांची चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगितले. तू मुलींना शिकवणार असशील तर एवढे शरीरशास्त्र त्यांना आधी सांग. आपल्या शरीराची नावे ज्या मुलीला उच्चारता येत नाहीत ती आपल्यावर काय घडले हेही कोणाला सांगू शकत नाही, हे मी नोकरीत वारंवार पाहिले.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्याची आहे. इथे निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायका दवाखान्यात येत, खोकल्याने आणि धुळीने जेरीस आलेल्या. त्यांत काही यल्लम्माला सोडलेल्या होत्या. सौंदत्तीचा डोंगर याच जिल्ह्यात आहे आणि देवदासी समर्पणावर बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ साली झाला. तरी त्याआधी सोडलेल्या बायका माझ्या काळात अजून जगत होत्या. त्यांतली एक मला म्हणाली होती, 'सिस्टर, मला कुणी इचारलंच न्हाई.' दहा वर्षांची असताना तिच्या गळ्यात मणी बांधले होते. तुझा गुलाब वाचून मला तीच आठवली. एकीला देवाच्या नावाने सोडले म्हणून ती गावाची झाली, आणि दुसरीला देवाच्या नावाने जपून ठेवले म्हणून ती घराण्याची झाली. दोघींपैकी एकीलाही कोणी विचारले नाही. पावित्र्य शिकवायचे असेल तर त्यात मुलीचे स्वतःचे 'होय' आणि 'नाही' आले पाहिजे, आणि तिचे 'नाही' घरातल्या मोठ्या माणसालाही लागू आहे हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

अजून एक महत्त्वाची सूचना करते. असा पाठ झाल्यावर एखादी मुलगी तुझ्याकडे येऊन बोलेल, याची तयारी ठेव. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीतल्या मंडळीत प्रार्थना करून प्रकरण मिटवता येत नाही. म्हणून 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन कोणत्याही मुलीला देऊ नकोस. 'तुला एकटीला सोडणार नाही' असे वचन दे. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक शिबिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लाव.

पाळक, चिकोडी

ताई, आपला प्रश्न दोनदा वाचला आणि एक रात्र जाऊ दिली, कारण पहिल्या वाचनानंतर जे लिहावेसे वाटले त्यात राग होता.

मी गेली अकरा वर्षे तरुणांत सेवा करतो. गुलाब मी कधी वापरला नाही, पण दोन रंगीत पुठ्ठे डिंकाने चिकटवून ते फाडून दाखवण्याचे प्रात्यक्षिक मी अनेकदा केले आहे. एकाचा रंग दुसऱ्याला चिकटून राहतो आणि दोन्ही फाटतात. ते करताना माझ्या मनात कोणाला हिणवण्याचा हेतू नव्हता. मोबाइलवर तीन महिने गोड बोलून, लग्नाची वचने देऊन, मग नंबर बदलणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यानंतर त्या मुलींना सावरताना त्यांच्या आईबरोबर रात्र रात्र बसलो आहे. म्हणून मला भीती ही वाटते, की गुलाब टाकून देण्याच्या भरात आज्ञाही टाकली जाईल. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल लिहितो, की तुमचे पवित्रीकरण व्हावे आणि तुम्ही जारकर्मापासून दूर राहावे ही देवाची इच्छा आहे. हे वचन अमेरिकेतून आलेले नाही. क्षमा मिळते, पण व्रण राहतो, आणि हे मुलांना न सांगणे हाही त्यांच्यावर अन्यायच आहे असे मला अजूनही वाटते.

तरीही आपल्या एका वाक्यापाशी मी अडलो, आणि ते म्हणजे मुले त्या तासाला नेतृत्व शिकत होती. मी मागच्या वर्षांच्या माझ्या टिपणवह्या काढून पाहिल्या. मुलींसमोर पावित्र्यावर मी नऊ वेळा बोललो आहे आणि केवळ मुलांसमोर दोनदा, तेही अश्लील चित्रफितींच्या संदर्भात. वास्तविक पौलाने चौथ्या अध्यायात जे लिहिले आहे ते बहुतांशी पुरुषांना उद्देशून आहे. कोणी आपल्या भावाची या बाबतीत फसवणूक करू नये, असेच तो पुढे म्हणतो. मत्तय पाचमध्ये प्रभू बाईला पदर नीट घ्यायला सांगत नाही, पाहणाऱ्याला सांगतो, की तुझा उजवा डोळा तुला अडखळवत असेल तर तो उपटून टाक. ईयोबाने करार केला तो स्वतःच्या डोळ्यांशी. योसेफ पोटीफराच्या घरातून अंगावरचे वस्त्र टाकून पळाला, आणि पळणारा पुरुष होता. एवढी पुरुषांची उदाहरणे शास्त्रात असताना मी उपदेशासाठी दर वेळी मुलींचा गट का निवडला, याचे उत्तर मला देवापुढे द्यावे लागेल.

सह्यांच्या कार्डांविषयीही एक सांगतो, कारण ती माझ्याही मंडळीत वाटली गेली. अमेरिकेतील 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली जॅनेट रोझेनबॉम यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शपथ घेतलेले तरुण आणि सर्व बाबतींत त्यांच्यासारखेच, पण शपथ न घेतलेले तरुण, यांची पाच वर्षांनी तुलना केली, तेव्हा लैंगिक वर्तनात फरक दिसला नाही, आणि शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्क्यांनी आपण अशी शपथ कधी घेतलीच नव्हती असे सांगितले. हे वाचल्यापासून मी कार्डे वाटणे बंद केले. सही करून घेणे सोपे असते. त्या मुलाबरोबर पाच वर्षे चालत राहणे आम्हा पाळकांना अवघड जाते, हे मी कबूल करतो.

खानापूरची एक कॅथलिक आई

पाळकसाहेबांना नम्रपणे एक वेगळेपण दाखवावेसे वाटते. आपण व्रणाविषयी लिहिले आहे. पापाचा व्रण वेगळा आणि जखमेचा व्रण वेगळा. या ताईंच्या मैत्रिणीला जखम झाली होती आणि तिला पापाचा उपदेश मिळाला. गुलाबाला आणि पुठ्ठ्याला हा फरक दाखवता येत नाही. हात प्रेमाने लागला, फसवून लागला की जबरदस्तीने लागला, पाकळीला सगळे सारखेच असते.

आमच्याकडेही हे दुसऱ्या रूपात आले. लहानपणी सिस्टर आम्हाला संत मारिया गोरेत्ती हिची गोष्ट सांगत असत. इटलीतली ही अकरा वर्षांची मुलगी १९०२ साली अत्याचाराला विरोध करताना चाकूहल्ल्यात मरण पावली आणि १९५० साली तिला संतपद दिले गेले. मरताना तिने मारेकऱ्याला क्षमा केली, आणि त्या धैर्यापुढे माझे मस्तक आजही नम्र होते. पण आम्हाला जे सांगितले गेले त्याचा अर्थ आम्ही मुलींनी असा घेतला, की मेलीस तर संत आणि वाचलीस तर मलिन. माझ्या वर्गातल्या एका मुलीने थेट विचारलेही होते, की ती वाचली असती तर संत झाली असती का. उत्तर मिळाले नाही, आणि तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

पुढे मला कळले, की हा प्रश्न मंडळीने सोळाशे वर्षांपूर्वीच विचारला होता आणि त्याचे उत्तरही दिले होते. ४१० साली गॉथ लोकांनी रोम लुटले तेव्हा तिथल्या अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. त्या अपवित्र झाल्या, बलात्कारानंतर आत्महत्या करणाऱ्या प्राचीन रोममधील ल्युक्रेशियासारखा त्यांनी जीव का दिला नाही, असे टोमणे लोक मारू लागले. संत ऑगस्टीनने 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्यांची बाजू घेतली. पावित्र्य हा मनाच्या ठामपणाचा गुण आहे, दुसऱ्याच्या वासनेने तो नष्ट होत नाही, आणि ज्या स्त्रीने गुन्हा केला नाही तिने स्वतःला शिक्षा करू नये, असा त्याचा युक्तिवाद आहे. ऑगस्टीनची स्त्रियांविषयीची सगळीच मते मला पटत नाहीत, पण या बाबतीत तो आमच्या शिबिरांच्या कितीतरी पुढे होता. ताई, समितीला हे दाखवा. नवे काही शिकवता असा आरोप मग कोणाला करता येणार नाही.

अनगोळहून एक

माझे लग्न होऊन दोन वर्षे झाली. मी सर्व आज्ञा पाळल्या होत्या, म्हणून माझ्यासारखीचे काय होते तेही कोणीतरी लिहावे असे वाटले.

ज्या गोष्टीला अठरा वर्षे घाण म्हटले गेले, ती बोटात अंगठी गेल्यावर एका संध्याकाळीत चांगली होत नाही. पहिले आठ महिने नवरा जवळ आला की माझे अंग आखडून जायचे आणि नंतर मी न्हाणीघरात जाऊन अंग घासून धुवायची. तो समजूतदार आहे, म्हणून निभावले. सासूबाईंना वाटले मी आजारी आहे. माझी चूक शोधण्यासाठी मी प्रार्थना करत राहिले आणि चूक सापडत नव्हती, कारण ती नव्हतीच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात लिहिले आहे, की पत्नीला आपल्या शरीरावर अधिकार नाही, तो पतीला आहे. हे अर्धे वाक्य मी लग्नापूर्वीच्या समुपदेशनात ऐकले होते. त्याच ओळीच्या पुढे लिहिले आहे, की त्याचप्रमाणे पतीलाही आपल्या शरीरावर अधिकार नाही, तो पत्नीला आहे. ते मी एका रात्री स्वतः वाचले आणि नवऱ्याला वाचून दाखवले. गीतरत्न हे पुस्तक आपल्याच बायबलात आहे आणि त्यावर मी आयुष्यात एकही उपदेश ऐकलेला नाही. ताई, मुलींना थांबायला सांगा, पण ज्यासाठी थांबायचे ते देवाने दिलेले चांगले दान आहे, हेही त्याच तासाला सांगा.

रविवारशाळा शिक्षिका, बेळगाव

सर्वांची मनापासून आभारी आहे. काकू, आपल्या सूचनेप्रमाणे १०९८ चा फलक मी कालच मुलांकडून करून घेतला, कानडी आणि मराठी दोन्हीत. अनगोळच्या ताई, आपण हे लिहिलेत त्याला किती धैर्य लागले असेल याची मला कल्पना आहे. पहिल्या पाठात आपल्याच शब्दांचा आधार घेईन, अर्थात आपली ओळख कोणालाही न देता.

गुलाब नाही, हे मी समितीला काल संध्याकाळच्या उपासनेनंतर सांगितले. त्याऐवजी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय घ्यायचा आहे. दाविदाची मुलगी तामार हिला भाऊ अम्नोन आजारपणाचे निमित्त करून स्वयंपाकासाठी बोलावतो. ती पीठ मळते, त्याच्यासमोर पोळ्या भाजते, आणि तो तिच्यावर बळजबरी करतो. ती आधी 'नाही' म्हणते, कारण सांगते, मार्ग सुचवते, आणि तो ऐकत नाही. नंतर त्याला तिचा वीट येतो आणि तो चाकराला तिला बाहेर काढून दाराला अडसर घालायला सांगतो. ती राजकन्येचा पायघोळ झगा फाडते, डोक्यावर राख घालते आणि मोठ्याने आक्रोश करत जाते. ती गप्प बसत नाही, एवढे मुलींनी पाहावे अशी माझी इच्छा आहे. गप्प राहायला तिला सांगतो तो तिचा सख्खा भाऊ अबशालोम, आणि राजा दावीद हे ऐकून संतापतो, पण मुलाला शासन करत नाही. या अध्यायात पाप कोणाचे, हे शास्त्र कोणताही आडपडदा न ठेवता सांगते, आणि तामारेवर कोठेही दोष ठेवत नाही. ऑगस्टीनचा मुद्दा मी समितीपुढे मांडला तेव्हा त्या दोन काकूंपैकी एक बराच वेळ काही बोलल्या नाहीत. निघताना दाराशी थांबून त्यांनी माझा हात धरला आणि तामारेचा अध्याय कितवा म्हणालीस, एवढेच विचारले. दुसऱ्या काकूंची अजून हरकत आहे.

पाळकसाहेब, आज्ञा टाकली जाऊ नये ही आपली भीती मला रास्त वाटते आणि तिच्याशी माझे भांडण नाही. दुसऱ्या पाठात संयमाविषयी मी स्पष्ट बोलणार आहे. पण तो तेरावा अध्याय मुलांच्या गटानेही त्याच तासाला वाचला पाहिजे, आणि अम्नोन, त्याला युक्ती सुचवणारा मित्र योनादाब, दार लावून घेणारा चाकर, गप्प बसणारा बाप, यांच्याविषयी त्यांच्याशी एका पुरुषाने बोलले पाहिजे. आमच्याकडे ते करायला अजून कोणी तयार झालेले नाही. आपण येऊ शकाल का? शिबिर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, मुलांचा तास बुधवारी सकाळी दहाला ठेवला आहे, आणि राहण्याची व जेवणाची सोय मंडळी करील.